आमची काही तक्रार नाही

घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाकडून आयुष्यातले सर्वांत महागडे खोटे वदवून घेतले जाते ते चावी हातात पडण्याआधी पाच मिनिटे. बिल्डरच्या ऑफिसात एक छापील कागद पुढे सरकवला जातो. सदर सदनिका मी समक्ष तपासून पाहिली, बांधकामाचा दर्जा, फरशी, नळजोड, दारे-खिडक्या व क्षेत्रफळ यांबाबत माझे पूर्ण समाधान झाले असून माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही. 'भविष्यात राहणार नाही' ही मागणी लग्नातसुद्धा कोणी करत नाही. तिथे आपल्याला 'नातिचरामि' म्हणायला लावतात, पण पुढे तक्रार करणार नाही असे लिहून घ्यायची कुठल्याही सासऱ्याची छाती झालेली नाही.

सही केली तर चावी, नाही तर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' खाली पार्किंगमध्ये बायको नारळ आणि कलश घेऊन उभी असते, गुरुजींना अकरा वाजता दुसरी वास्तू गाठायची असते, मेव्हणा पेढ्यांचा बॉक्स या हातातून त्या हातात करत असतो. अशा वेळी साक्षात विश्वेश्वरय्यांनीही सही केली असती, आणि ते तर आमच्या पुण्यातच इंजिनिअरिंग शिकले होते. शिवाय ताबा घ्यायचे मुहूर्त पाहा. गुढीपाडवा नाही तर अक्षय तृतीया, म्हणजे ऐन उन्हाळा. पुण्याच्या एप्रिलमध्ये भिंत अशी ठणठणीत असते की तिच्यावर पापड वाळवावेत. घराचा ताबा खरे तर मृगात, छत्री घेऊन घ्यायला हवा. पण मृगात तो कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही.

मी बी.कॉम. आहे. म्हणजे कायद्याचे शिक्षण एवढेच झालेले आहे, की जेवढ्याने माणूस घाबरतो पण वाचत नाही. मर्कंटाइल लॉच्या पेपरला आम्हाला मालविक्रीचा १९३० चा कायदा होता. त्यात 'कॅव्हिएट एम्प्टर' नावाचे लॅटिन तत्त्व आहे. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, नंतर रडू नये. पण त्याच कलमात अपवादही आहेत. दुकानदाराला काम सांगून, त्याच्या भरवशावर वस्तू घेतली, तर ती त्या कामाला लायक असलीच पाहिजे. पावसासाठी घेतलेली छत्री गळता कामा नये. गंमत अशी की हा कायदा फक्त जंगम मालाला लागू. छत्री जंगम, छत स्थावर. छत्री गळली तर १९३० पासून दाद आहे. छत गळले तर पेपर वेगळा.

तो पेपरही सरकारने काढला हो, नाही असे नाही. महाराष्ट्रात १९६३ साली मोफा आला. ताब्यानंतर तीन वर्षांत दाखवून दिलेला दोष शक्य तिथे बिल्डरने पदरचे पैसे घालून दुरुस्त करावा, असे तो सांगतो. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घर बांधून देणे हीसुद्धा सेवाच, आणि तिच्यात कसूर झाली तर ग्राहकाला दाद मागता येते. मग आला २०१६ चा रेरा. त्याच्या १४ व्या कलमात लिहिले आहे, की बांधकाम, कारागिरी, दर्जा किंवा सेवासुविधा यांतला दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत नजरेस आणला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. न केल्यास भरपाई. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. तेव्हा कायदा नाही म्हणून गळा काढायला जागा नाही. माझे भांडण आहे ते कायदा आणि भिंत यांच्या मधोमध जो कागद घुसतो त्याच्याशी, आणि त्या कागदाला जो पैसा पाठीशी घालतो त्याच्याशी.

आमच्या सोसायटीचा करारनामा ९४ पानांचा आहे. त्यात बिल्डरचे हक्क सांगायला ६० पाने लागली आणि आमचे हक्क एका परिच्छेदात मावले. पाच वर्षांच्या जबाबदारीचे कलम त्यात आहे, अगदी रेरात आहे तसे. पण त्याच्या शेपटीला 'मात्र' लावून पुढे दीड पान. मात्र दोष म्हणजे केवळ बिल्डरच्या जाणूनबुजून केलेल्या हयगयीमुळे झालेला दोष. म्हणजे मी आधी त्याच्या मनात शिरून दाखवायचे. मात्र सदनिकाधारकाने फरशीच्या सांध्यांत वेळोवेळी व्हाइट सिमेंट भरलेले असले पाहिजे. मात्र न्हाणीघर व स्वयंपाकघर यांतल्या कुठल्याही नळाला वा पाइपाला लेखी परवानगीशिवाय हात लावल्यास सर्व जबाबदारी आपोआप संपुष्टात येईल. आणि मात्र क्रमांक चार तर मी देव्हाऱ्यात ठेवावा अशा योग्यतेचा आहे: तापमानात २० अंशांहून अधिक फरक पडल्यामुळे भिंतींना जाणाऱ्या केसासारख्या भेगा हा दोष समजला जाणार नाही.

हे कलम लिहिणाऱ्या माणसाने पुण्याचा फेब्रुवारी फार जवळून पाहिलेला असावा. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. आणि जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत फरक मोजायला लागलात तर २० अंश केव्हाच मागे पडतात. म्हणजे दरवर्षी, नेमाने, सृष्टिक्रमानुसार आमच्या प्रत्येक भेगेला माफी मिळालेली आहे. सूर्य उगवतो ही बिल्डरची कायमची सबब.

बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कायदा कोरून ठेवला होता, की बांधलेल्या घराची भिंत कलायला लागली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने मजबूत करून द्यावी. त्याच्या राज्यात तापमानात फरक पडत नसेल असे मला वाटत नाही. पण दगडावर 'मात्र' कोरायला वेळ फार लागत असावा.

असली एकतर्फी कलमे टिकत नाहीत, असे वकील सांगतात, आणि ते खरे आहे. फ्लॅटच्या करारातली एकतर्फी कलमे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. महारेरानेही २०२२ मध्ये बजावले, की दोषदायित्वाच्या कलमाला हात लावायचा नाही. पण कलम टिकत नाही हे ऐकायला आधी कुठे तरी जाऊन उभे राहावे लागते. कलम काढणाऱ्याला ते टिकावे असे वाटतच नसते. आपण दमेपर्यंत ते टिकले की त्याचे काम झाले.

आता ३० दिवसांची हकीकत. तक्रार केल्यावर बिल्डरकडून माणूस येतो, येत नाही असे मी कधीच म्हणणार नाही. पहिल्या पावसाळ्यात तो भिंतीवर हात ठेवून म्हणतो, "नवीन बांधकाम आहे साहेब, सेट होतंय." इमारत म्हणजे जणू दही. दुसऱ्या पावसाळ्यात तो पडद्याच्या दांडीकडे बघतो आणि विचारतो, "ड्रिल तुम्ही मारलंत का?" तिसऱ्या पावसाळ्यात माणूस बदललेला असतो आणि त्याला आधीचे काही ठाऊक नसते. पण तिघांकडेही एक वस्तू समान असते: पुट्टीची पिशवी. ओल जिथून येते तिथे कोणी जात नाही. ती जिथे दिसते तिथे पांढरे फासले जाते. पाणी मुरते वरच्या मजल्याच्या बाथरूमखालच्या कोब्यात, किंवा नहाणी ट्रॅपच्या सांध्यात. तिथे पोचायचे तर फरशी उखडावी लागते, कोबा काढावा लागतो, नव्याने वॉटरप्रूफिंग करून दोन-तीन दिवस पाणी साठवून पाहावे लागते. पुट्टीला अर्धा तास लागतो. फॉर्मवर 'दोष दूर केला' असे लिहून आपली सही घेतली जाते. पुन्हा एक समाधान!

आमच्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळी सोसायटी त्यांना सर म्हणते. त्यांनी ३५ वर्षे भूगोल शिकवला. त्यांच्या बेडरूमच्या भिंतीवर पहिल्या पावसाळ्यात श्रीलंका उमटली. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे मादागास्कर झाले आणि तिसऱ्यात ऑस्ट्रेलिया. सरांनी हे सगळे वहीत उतरवून ठेवले. गॅलरीत पर्जन्यमापक ठेवला, तारीखवार मिलिमीटर लिहिले, पेन्सिलीने किनारपट्ट्या आखल्या. एवढा पुरावा मी बँकेत दोन कोटींच्या कर्जालासुद्धा पाहिलेला नाही. मग ते जिल्हा ग्राहक आयोगात गेले. कायदा सांगतो, की तपासणीची गरज नसेल तर तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकालात काढावी, तपासणी लागणार असेल तर पाच. रेराकडे ६० दिवस आहेत. हे आकडे मी इथे केवळ ज्ञान म्हणून देतो. त्यांचा तारखांशी संबंध जोडू नये.

बिल्डरच्या वकिलांनी विचारले, "आपण सिव्हिल इंजिनिअर आहात का?" सर म्हणाले, "नाही. पण ऑस्ट्रेलिया ओळखतो." त्यावर तज्ज्ञ नेमायचे ठरले. अर्ज, म्हणणे, फी, नेमणूक असे होत होत तज्ज्ञ पाहणीला आले ते मे महिन्यात. त्यांनी अहवाल दिला की पाहणीच्या दिवशी भिंत कोरडी आढळली. तो अहवाल शंभर टक्के खरा होता. त्याच दुपारी त्या भिंतीपुढे उभे राहून मीसुद्धा तेच लिहिले असते.

इथपर्यंत हसण्यासारखे होते. पुढच्या पावसाळ्यात बाईंचा दमा इतका वाढला की दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टरांनी खोलीतली बुरशी पाहून सांगितले, की एक तर भिंत बदला नाही तर घर. सरांनी ग्रॅच्युइटीतले पैसे काढले, वरच्या बिऱ्हाडाला हात जोडले, त्यांचे बाथरूम उखडून स्वखर्चाने काम करून घेतले. ओल थांबली. आणि पुढच्या तारखेला बिल्डरच्या वतीने लेखी म्हणणे आले, की तक्रारदाराने परवानगीशिवाय बांधकामात फेरफार करून पुरावा नष्ट केला आहे, सबब कलमानुसार आमची जबाबदारी आपोआप संपुष्टात आलेली आहे. दुरुस्ती केली नाही तर हयगय तुमची, आणि केली तर फेरफार तुमचा. सर ती नोटीस घेऊन माझ्याकडे आले. वहीत मिलिमीटर लिहिणारा तो माणूस त्या दिवशी मला फक्त एवढेच म्हणाला, "मी हिला श्वास घेऊ द्यायला नको होता का?"

सोसायटीने सरांच्या पाठीशी उभे राहायला हवे होते की नाही? सभा झाली. सभेत असे ठरले की या विषयावर बाहेर बोलू नये, कारण रेट पडेल. ए विंगमधल्या एका गृहस्थांना फ्लॅट विकायचा होता. त्यांच्या हॉलला तडा होता आणि तड्यावर त्यांनी निसर्गदृश्य टांगले होते. आमच्या इमारतीत जितकी निसर्गदृश्ये आहेत तितकी मी एकाही चित्रप्रदर्शनात पाहिलेली नाहीत. प्रत्येक घरात धबधबा, आणि धबधब्यामागे खरा धबधबा. घरात ओल असणे आणि घरातल्या मुलीचे लग्न मोडणे या दोन्ही गोष्टी आपण सारख्याच आवाजात बोलतो. बिल्डरला हे पक्के माहीत असते. त्याचा सर्वांत स्वस्त वकील म्हणजे आमची लाज.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती मला आमच्या बाथरूमच्या दारात कळली. चौथ्या पावसाळ्यात एक माणूस न बोलावता आला आणि त्याने चक्क खाली बसून, ट्रॅप उघडून काम केले. पुट्टीची पिशवी नाही. मला संशयच आला. चहा देताना चौकशी केली, तर तो प्लंबिंगच्या कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर निघाला. म्हणाला, "काय करणार साहेब, तुमच्या विंगच्या लीकेजपायी बिल्डरनं आमचे पाच टक्के अडकवून ठेवलेत. काम पुरं झाल्याशिवाय सोडत नाही."

माझ्या हातात कप तसाच राहिला. पाच टक्के! रिटेन्शन मनी! बी.कॉम.ला कॉस्टिंगच्या पेपरात कॉन्ट्रॅक्ट अकाउंट्सचे हमखास गणित असायचे. कॉन्ट्रॅक्टरने काम केले, आर्किटेक्टने सर्टिफाय केले, तरी मालक सगळे पैसे देत नाही. ठरावीक टक्के मागे ठेवतो, दोषाची मुदत संपेपर्यंत. ही जगरहाटी आहे. बिल्डर कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत ती काटेकोरपणे पाळतो. म्हणजे माझ्या बाथरूममधली ओल बिल्डरला मान्य होती! एका दारातून तो कॉन्ट्रॅक्टरला सांगत होता की लीकेज आहे, म्हणून पैसे देत नाही, आणि दुसऱ्या दारातून मला सांगत होता की लीकेज नाही, सेट होतंय.

आता आमचे पैसे कसे जातात ते पाहा. हे माझ्या टेबलावरून रोज जाते म्हणून सांगतो. (आम्हाला हल्ली क्लार्क म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात, पगारपत्रकावर पुट्टी.) महाराष्ट्रातल्या नमुना करारानुसार जोत्यापर्यंत ४५ टक्के, स्लॅब पुरे झाले की ७० टक्के. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचा गिलावा आणि बाहेरचे प्लंबिंग झाले की ८५. लिफ्ट, पंप, वीज झाली की ९५. उरलेले पाच टक्के ताबा घेताना. म्हणजे इमारतीवर पहिला पाऊस पडण्याआधी माझ्याकडचा शेवटचा रुपया गेलेला असतो. रेराने मोठी शहाणपणाची गोष्ट केली. ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांपैकी ७० टक्के त्या योजनेच्या स्वतंत्र खात्यात ठेवायचे आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांच्या दाखल्यावरच, काम झाले असेल त्या प्रमाणात काढायचे. पण इमारत पुरी झाली की ते खातेही रिकामे. दोष दिसायला लागतो तेव्हा त्याच्या नावाने बँकेत एक पैसा नसतो. कायद्याने मला पाच वर्षांचा हक्क दिला आणि त्या हक्काची अनामत ठेवायला मात्र विसरला.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती कॉन्ट्रॅक्ट अकाउंट्सच्या पुस्तकाबाहेरची नाही. ताब्याच्या वेळचे ते शेवटचे पाच टक्के बिल्डरच्या हातात देऊ नयेत. ते बँकेत, योजनेच्या नावाने, मुदत ठेवीत पाच वर्षे राहावेत. सरांचा फ्लॅट ४६ लाखांचा. त्याचे होतात २ लाख ३० हजार. व्याज बिल्डरलाच द्या, आमचे काही म्हणणे नाही. पण ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्याच पैशातून ती करून घ्यायची मुभा असावी. आणि ओल कोणामुळे आली हे सिद्ध करायची जबाबदारी या पाच वर्षांत बिल्डरवर टाकावी. नकाशे त्याच्याकडे, प्लंबिंगचे ड्रॉइंग त्याच्याकडे, सिमेंटची बिले त्याच्याकडे. माझ्याकडे पेन्सिलीने काढलेला ऑस्ट्रेलिया.

यावर बिल्डरलोक म्हणतात, की ग्राहकही काही कमी नसतात. मान्य. आमच्याच विंगमध्ये एकाने स्वयंपाकघरातून थेट गॅलरीत जाता यावे म्हणून भिंत फोडली आणि दुसऱ्याने संडासाचे देवघर केले, ज्याबद्दल दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी हरकत घ्यायला हवी होती. अशांचे पैसे कापा, मी टाळ्या वाजवीन. पण त्यासाठी आधी पैसे कुठे तरी ठेवलेले असायला हवेत ना?

दुसरे म्हणतात, ओलीचे काय एवढे घेऊन बसलात, घर काही पडत नाही. पडते. गुरुग्राममध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये एका बहुमजली इमारतीत सहाव्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालच्या घरांचे स्लॅब घेऊन तळाकडे गेला. दोन बायकांचा जीव गेला. इमारत काही पणजोबांच्या वेळची नव्हती. नंतर दिल्लीच्या आयआयटीने तपासणी केली, तेव्हा काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण वाढलेले निघाले, त्याने आतले लोखंड गंजत चालले होते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून चिरते. बाहेरून काय दिसते? पोपडे, तडे, ओलीचे डाग. ज्याच्यावर आपण धबधबा टांगतो तेच.

गेल्या महिन्यात बँकेतल्या एका तरुण सहकाऱ्याबरोबर मी एका नव्या स्कीमच्या ऑफिसात गेलो होतो. एसी, कॉफी, काचेच्या पेटीत चिमुकली इमारत, तिच्याखाली चिमुकली माणसे, सगळी समाधानी. सेल्समनने सॅम्पल फ्लॅट दाखवला, पाच वर्षांच्या हमीचे पानही दाखवले. मी विचारले, "शेवटचे पाच टक्के आम्ही बँकेत ठेवले तर? पाच वर्षे. व्याज तुमचं."

तो हसला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने मला पुन्हा कॉफी मागवली. "सर," तो म्हणाला, "आमची क्वालिटी अशी आहे की तुम्हाला शोधून दोष सापडणार नाही."

"मग तुमचे पैसे कुठे जातात?" मी म्हटले. "व्याजासकट परत मिळतील. पाचच तर पावसाळे आहेत."

त्याने काचेच्या पेटीतल्या इमारतीकडे पाहिले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "तसं नाही सर. क्वालिटीची गॅरंटी आहेच. पण पाच पावसाळे म्हणजे जरा जास्तच होतात."